दारावरची नवी पाटी

"अण्णा, आजपासून तुम्ही डिस्पॅच नाही, सप्लाय चेन."

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात माल रवाना करणाऱ्या खात्याच्या दारावर आज नवी पाटी लागली. अण्णा मालाच्या गाठीवर शाईच्या ब्रशने मार्का घालत होते. मान वर न करता म्हणाले, "असू दे की. पण बिल्टी कोण फाडणार, ते सांगा."

(बिल्टी म्हणजे ट्रकने पाठवलेल्या मालाची पावती.) सगळे हसले. मला मात्र दिवसभर ते खटकत राहिलं.

कारण ही नावं उगाच बदललेली नाहीत. अमेरिकेत या क्षेत्राची एक संस्था 1963 साली निघाली, तेव्हा तिच्या नावात 'फिजिकल डिस्ट्रिब्युशन' होतं. म्हणजे तयार माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवणं. 1985 मध्ये तिथे 'लॉजिस्टिक्स' आलं, कच्चा माल आणि साठाही हिशेबात धरला गेला. 2005 मध्ये 'सप्लाय चेन'. हा शब्द कीथ ऑलिव्हर नावाच्या सल्लागाराने 1982 मध्येच एका मुलाखतीत वापरला होता. त्याचं म्हणणं साधं होतं: खरेदी, उत्पादन, विक्री यांनी आपापल्या खोलीत बसून निर्णय घेऊ नयेत.

आणि आमच्याकडे? सूत संपत आलंय हे अण्णांना माग थांबल्यावर कळतं. ऑर्डर बदलली हे ट्रक गेटवर उभा राहिल्यावर. (पाटीचा पितळी रंग मात्र झकास आहे.)

उद्या वरच्या मजल्यावर सुताच्या खरेदीची मीटिंग आहे. अण्णांना कुणी बोलावलंय का?