एसी१८८च्या जागी काय बसतं?

अण्णांनी सत्तरच्या दशकात घरी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा गायला लागलाय. लाकडी खोकं, टॅगस्ट्रिपवरची जोडणी, ९ व्होल्टचा सप्लाय आणि आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवायला, एसी१८७-एसी१८८ ही जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी. त्यातला एसी१८८ पूर्ण शॉर्ट झाला होता.

पुण्यात असे पार्ट शोधायचे तर पासोड्या विठोबाचा परिसर. तिथे एसी१८८ छापलेला एक ट्रान्झिस्टर मिळालाही, पण मल्टिमीटर डायोड तपासायच्या जागी ठेवून बेस आणि एमिटर (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी दोन; तिसरा कलेक्टर) यांच्यात मोजलं तर ०.६५ व्होल्ट. जर्मेनियम ०.२-०.३च्या आसपास दाखवतो. म्हणजे वर नाव जुनं, पोटात सिलिकॉन. जुने नंबर घेताना मीटर सोबत न्या आणि पैसे देण्याआधी मोजा.

शेवटी मी सरळ सिलिकॉनचीच जोडी घेतली, बीडी१३९ आणि बीडी१४०. मात्र ती नुसती काढ-घाल करून चालत नाही. जर्मेनियमच्या जोडीला दोघांच्या बेसच्या दरम्यान थोडाच व्होल्टेज (बायस) पुरतो. सिलिकॉनला सव्वा व्होल्टच्या आसपास लागतो. तेवढा मिळाला नाही तर लाट शून्यातून जाताना दोन्ही ट्रान्झिस्टर बंद राहतात आणि आवाज खरखरतो. मोठ्या आवाजात ते झाकलं जातं. हळू लावलेल्या बासरीत मात्र लगेच कानाला टोचतं. म्हणून बायसचा जुना रेझिस्टर आणि थर्मिस्टर काढून तिथे दोन १एन४१४८ डायोड सिरीजमध्ये घातले, हीटसिंकला चिकटवून, म्हणजे ट्रान्झिस्टर तापले की बायस आपोआप उतरतो. बीडीच्या पाठीचा धातू कलेक्टरला जोडलेला असतो; दोघांना एकच पत्रा असेल तर मध्ये वीज अडवायला अभ्रक हवंच. आणि कलेक्टर मधल्या पायावर असतो, त्यामुळे जुन्या वायरी जशाच्या तशा लावू नका.

पहिल्यांदा सप्लाय देताना, काही चुकलं असेल तर करंट आवरावा म्हणून, ४७ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये ठेवला. दोन्ही ट्रान्झिस्टर जुळतात त्या मधल्या बिंदूवर साडेचारच्या, म्हणजे सप्लायच्या निम्म्याच्या, जवळ व्होल्ट दिसले, तेव्हाच तो काढला.

अण्णांच्या वहीत ड्रायव्हरला (आउटपुटच्या जोडीला चालवणारा ट्रान्झिस्टर) एसी१२६ लिहिलाय, खोक्यात आहे एसी१२८. तेव्हाही बाजारात मिळेल ते जुळवूनच बांधत असत, त्यामुळे सिलिकॉन घातल्याने यंत्र त्यांचं राहिलं नाही असं मला मुळीच वाटत नाही. शाबूत असलेला एसी१८७ मी कागदात गुंडाळून, नंबर लिहून, खोक्यातच ठेवलाय.

कंडेन्सर सोपे गेले. ५० एमएफडीला (मायक्रोफॅरड) ४७, २५०ला २२०. इलेक्ट्रोलिटिकच्या छापील आकड्यात मुळातच एवढं कमी-जास्त चालतं.

अडलंय ते व्हॉल्यूम कंट्रोलवर. सध्या १०के (१० हजार ओहम) लिनियर, म्हणजे फिरवू तसा सरळ बदलणारा, लावून मधल्या पायापासून ग्राउंडला १केचा रेझिस्टर जोडलाय, म्हणजे आवाज एकदम न उसळता लॉगसारखा, सुरुवातीला हळू आणि मग भराभर, चढतो. पण मला मूळचाच हवाय: १०के लॉग, मागे स्विच असलेला, लांब दांडीचा. कुणाच्या डब्यात पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.