तेरा गटांतला सातवा

चढ अर्धा झाला असताना सायकलची मोटर एकाएकी बंद पडली, तेव्हा हँडलवरच्या डिस्प्लेवर अजून पाव चार्ज शिल्लक दिसत होता. उतरून मल्टिमीटर लावला तर बॅटरी पॅकचे एकूण व्होल्टेज 45 व्होल्टच्या थोडे वर होते, म्हणजे डिस्प्ले खोटे बोलत नव्हता. पाच मिनिटे थांबल्यावर मोटर पुन्हा चालू झाली, सपाट रस्त्यावर मुकाट्याने चालली आणि पुढच्या चढावर पुन्हा बसली. हा पॅक मी स्वतः बांधलेला असल्यामुळे दोष देण्यासाठी दुसरे कोणी हाताशी नव्हते. पुढचे तीन आठवडे मी या एका बिघाडाच्या मागे होतो, आणि त्यात जे शिकलो ते पॅक बांधताना शिकलेल्या गोष्टींपेक्षा पुष्कळ जास्त होते.

आधी रचना सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर अवलंबून आहेत. 18650 या नावाचा लिथियम-आयन सेल 18 मिलिमीटर व्यासाचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा असतो. त्याचे सरासरी व्होल्टेज 3.6, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2, आणि 3 व्होल्टच्या खाली त्याच्यात वापरण्याजोगे फारसे काही उरत नाही. माझ्या पॅकमध्ये चार-चार सेल समांतर जोडून एक गट केला आहे आणि असे तेरा गट एकसर जोडले आहेत. एकूण 52 सेल, प्रत्येक 3 अँपिअर-तासांचा, त्यामुळे गटाची आणि म्हणून पॅकची क्षमता 12 अँपिअर-तास होते. अशा पॅकला 48 व्होल्टचा म्हणण्याची रीत आहे, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो 54.6 व्होल्ट दाखवतो. समांतर जोडलेले चार सेल विजेच्या दृष्टीने एकच मोठा सेल असतात, त्यामुळे बीएमएस नावाचे संरक्षक सर्किट सुट्या सेलवर नव्हे तर गटावर लक्ष ठेवते. तेरांपैकी एक जरी गट साधारण 2.8 व्होल्टपर्यंत घसरला तरी ते सगळा पॅक बंद करते. चढावर सायकल बंद पडण्याचे तात्कालिक कारण तेच होते, हे ओळखायला वेळ लागला नाही. प्रश्न असा होता की कोणता गट घसरतो आहे, आणि का.

पॅक उघडण्याआधी गटांचे व्होल्टेज बाहेरूनच मोजता येते. बीएमएसकडे जाणाऱ्या चौदा बारीक तारांचा कनेक्टर असतो. त्याच्या शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये एकेका गटाचे व्होल्टेज मिळते. मात्र हे काम जपून करायचे असते, कारण मल्टिमीटरचे टोक घसरून दोन पिनांना एकदम टेकले तर ती बारीक तार क्षणात जळते. मी टोकांवर प्लॅस्टिकची नळी चढवून जेमतेम दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवतो. त्या दिवशीच्या मोजणीत बारा गट 3.5 व्होल्टच्या आसपास होते आणि सातवा एकटाच 3.1 वर.

इथे बहुतेक जण, आणि पहिल्या दिवशी मीही, एवढ्यावरच निष्कर्ष काढून मोकळे होतात की सातव्या गटातला एखादा सेल मेला. पण एकाच स्थितीतली एक मोजणी काहीच सिद्ध करत नाही. गट मागे पडण्याची निदान तीन वेगळी कारणे असतात, आणि ती वेगळी ओळखायची तर पॅक भरलेला असताना, रिकामा होत आलेला असताना आणि त्याच्यातून करंट वाहत असताना अशा तिन्ही वेळी मोजावे लागते. गटाची क्षमताच घटली असेल तर तो चार्जच्या शेवटी इतरांच्या बरोबरीला असतो, पण रिकामा होताना आधी कोसळतो. गटातून चार्ज कुठे तरी झिरपत असेल तर तो भरलेला असतानाही मागे आणि रिकामा होतानाही मागेच असतो. आणि जोडणी सैल झाल्यामुळे रोध वाढला असेल तर विश्रांतीत सगळे सारखेच दिसतात. फक्त मोटर जोर लावते तेव्हा तो गट दबतो आणि जोर सुटताच पूर्ववत होतो.

मी पॅक पूर्ण चार्ज केला, दोन तास तसाच ठेवला आणि मोजले. सातवा गट 4.17, बाकीचेही 4.17 ते 4.18. म्हणजे गळतीचा संशय मिटला. नंतर घराभोवती सायकल चालवून दर दोन अँपिअर-तासांनी नोंद घेतली. सहा अँपिअर-तासांपर्यंतच सातवा थोडा मागे पडलेला दिसू लागला होता आणि नऊच्या जवळ पोहोचताच तो कोसळला. बारापैकी नऊ, म्हणजे चारपैकी तीन. त्या वहीतल्या आकड्याकडे पाहताच पॅक न उघडताही समजले की सातव्या गटात चारऐवजी तीनच सेल काम करत आहेत.

मग आठवले की महिन्याभरापूर्वी एकदा चार्जिंग नेहमीपेक्षा बरेच लवकर संपले होते आणि चार्जरचा दिवा लाल-हिरवा, लाल-हिरवा असा लुकलुकत राहिला होता. चार्जिंग लवकर होते म्हणून मी त्या दिवशी चक्क खूश झालो होतो. खरे तर तीन सेलांचा झालेला गट इतरांआधी भरत होता, बीएमएस त्याला वाचवण्यासाठी चार्जिंग तोडत होते, थोडा चार्ज रोधातून जाळून टाकत होते आणि पुन्हा चालू करत होते. हे जाळण्याचे काम फार सावकाश चालते. माझ्या बीएमएसचा समतोलाचा करंट 50 मिलिअँपिअर आहे. दीड अँपिअर-तासांचा फरक मिटवायला त्याला तीस तास लागतात. पुढच्या काही चार्जिंगमध्ये त्याने तो बिचाऱ्याने मिटवला, दिव्याचे लुकलुकणे थांबले आणि वरून सगळे ठीक दिसू लागले.

पॅक उघडताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचे, हा नियम मी मोडत नाही. 54 व्होल्टने सहसा जबर झटका बसत नाही, पण सेल एकमेकांना जोडणाऱ्या निकेलच्या दोन पट्ट्यांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि त्या पान्याचा तुकडा वितळून उडू शकतो. पान्यांच्या मुठींना मी इन्सुलेशन टेप गुंडाळतो आणि ज्या भागात काम नाही तो भाग जाड पुठ्ठ्याने झाकतो. बाहेरचे निळे आवरण ब्लेडने कापताना पाते नेहमी सेलांच्या फटीवरून न्यावे, सेलावरून नाही. सेलाचा संपूर्ण डबा ऋण असतो आणि धन टोकाभोवतीच्या कडेवर त्या दोघांमध्ये केवळ एक पातळ प्लॅस्टिकचे वेष्टण असते. म्हणूनच पट्टी लावण्याआधी धन टोकावर चिकट कागदाची कडी बसवणे मी अपरिहार्य मानतो. ती न लावलेला पॅक आठ महिने व्यवस्थित चालला, हा ती अनावश्यक असल्याचा पुरावा होत नाही.

सातव्या गटाच्या चारही सेलांवर पट्टी नीट बसलेली दिसत होती. वेल्डचे ठिपके जागच्या जागी होते, रंगात फरक नव्हता. पण चिमट्याने दुसऱ्या सेलाच्या धन टोकावरची पट्टी हलकेच उचलली तर ती काहीही विरोध न करता वर आली. खाली चार फिकट खुणा होत्या, धातूला धातू चिकटल्याचा मागमूस नव्हता. त्या सेलाच्या टोकाला मल्टिमीटर लावला तेव्हा गटाचे उरलेले तीन सेल 4.1 व्होल्टवर असताना हा मात्र 3.68 दाखवत होता. महिन्याभरापूर्वी पॅक अर्धा रिकामा असताना तो निसटला होता आणि निसटला त्या क्षणाचे व्होल्टेज त्याने तसेच धरून ठेवले होते. सेल निर्दोष होता. नुसता वाळीत पडला होता.

वेल्ड कच्चे राहण्याचे कारण शोधताना बांधणीच्या दिवसाची वही काढली. माझे स्पॉट वेल्डिंगचे यंत्र एका वेगळ्या बॅटरीवर चालते. पहिले सहा गट करून झाल्यावर मी ती बॅटरी पुन्हा चार्ज केल्याची नोंद होती, पण सातवा गट आधी उरकून मग. उतरलेल्या बॅटरीवर मारलेला ठोका दिसायला सारखाच दिसतो, ठिणगीही उडते, पण निकेल सेलाच्या टोपीत मिसळत नाही. याची खात्री करण्याचा एकच विश्वासार्ह मार्ग आहे: निकामी सेलावर पट्टी वेल्ड करून पक्कडीने ओरबाडायची. वेल्ड खरे असेल तर पट्टी फाटते आणि ठिपक्यांच्या जागी धातूचे बारीक तुकडे सेलावरच राहतात. पट्टी अखंड सुटली तर वेल्ड खोटे. ही चाचणी मी सुरुवातीला एकदा केली होती. आता प्रत्येक दहा सेलांनंतर करतो. त्यात भर म्हणून मी सेल नुसत्या टेपने बांधले होते. 52 सेलांचे वजन अडीच किलोच्या आसपास होते आणि रस्त्याच्या प्रत्येक धक्क्यात ते एकमेकांवर घासत पट्ट्यांना ताण देत राहतात. प्लॅस्टिकचे होल्डर वापरले असते तर कदाचित ते कच्चे वेल्डही आणखी काही महिने टिकले असते, आणि ते काही फार चांगले झाले नसते.

निसटलेला सेल तसाच गटाला परत जोडणे ही मोठी चूक ठरली असती. 4.1 आणि 3.68 मध्ये 0.42 व्होल्टचा फरक. सेलाचा आणि गटाचा मिळून अंतर्गत रोध 40 मिलिओहम धरला तर जोडता क्षणी दहा अँपिअरपेक्षा जास्त करंट त्या एका सेलात घुसतो, आणि तोही नेमका वेल्ड होत असताना. म्हणून टेबलावरच्या वीजपुरवठ्याचे व्होल्टेज गटाइतके लावून, करंट एका अँपिअरवर रोखून, आधी तो सेल हळूहळू बरोबरीला आणला आणि नंतरच पट्टी लावली. डाग देण्याचा, म्हणजे सोल्डर करण्याचा मोह अशा वेळी होतो, कारण एकाच सेलाचे काम असते. पण सोल्डरिंग आयर्नची उष्णता सेलाच्या टोपीतून आत जाते, तिथले सील आणि पातळ विभाजक पडदा ती सहन करण्यासाठी बनवलेले नसतात, आणि झालेले नुकसान बाहेरून दिसत नाही.

पॅक उघडाच होता म्हणून सगळ्या जोडण्या तपासल्या. दहा अँपिअरचा भार लावून प्रत्येक पट्टी आणि सेलाची टोपी यांच्यामधला व्होल्टेजचा फरक मिलिव्होल्टमध्ये मोजायचा. गटाच्या चार सेलांत भार वाटला जात असल्याने प्रत्येकातून अडीच अँपिअर जातात आणि चांगल्या वेल्डवर फरक जवळजवळ शून्य येतो. दोन ठिकाणी इतरांच्या मानाने तो ठळक दिसला. तिथे शेजारी नवे ठोके मारले.

याच निमित्ताने दुसरे एक दुखणे सापडले. पॅक तीन आठवडे न वापरता ठेवला तेव्हा अकरा गट 3.84 व्होल्टवर राहिले, सातवाही त्यांच्याबरोबर, पण अकरावा आणि बारावा घसरले. बारावा तर 3.71 पर्यंत. इथे लक्षण उघडउघड गळतीचे होते. पण गळते कोण, सेल की बीएमएस, हे ठरवायला बीएमएसचा कनेक्टर काढून ठेवला आणि दोन आठवडे रोज मोजले. दोन्ही गट हलले नाहीत. सेल धुतल्या तांदळासारखे निघाले आणि दोष बीएमएसवर आला. 12 अँपिअर-तासांच्या गटात एवढी घसरण म्हणजे हिशेबाने तीन-चार मिलिअँपिअरची सततची गळती होते. बोट लावून गरम लागण्याइतकी ती नसते, म्हणून पाहून किंवा चाचपून ती कधीच सापडली नसती.

नवे बीएमएस बसवताना पहिल्या वेळची चूक आठवली. तेव्हा मी दोन तारा अदलाबदल करून सोल्डर केल्या होत्या आणि कनेक्टर खोचताच जळका वास आला होता. आता कनेक्टर खोचण्याआधी तेराही फरक ओळीने मोजतो. तारा अदलाबदल झालेल्या असतील तर मोजणीत 3.6 च्या जागी 7.2, नंतर उणे 3.6, पुन्हा 7.2 असे आकडे येतात, आणि ते नजरेतून सुटणे अशक्य असते. जाड ऋण तार आधी जोडायची आणि कनेक्टर नंतर. काढताना उलट क्रम.

दुरुस्त केलेला पॅक पहिले पाच वेळा मी मोकळ्या जागी, फरशीवर, समोर बसून चार्ज केला. काल त्याच चढावरून गेलो. 9.8 अँपिअर-तास वापरून झाल्यावर थांबून मोजले: सातवा गट 3.42, बाकीचे 3.41 ते 3.43. वहीत तेरा आकडे लिहिले आणि उरलेला चढ चढून गेलो.