चार मागांचं गाव

नकाशावर इचलकरंजी शोधून बघा. रेल्वे नाही, गाडी धरायची तर हातकणंगल्याला जायचं. पुणे-बंगळूर हायवे लांबून जातो. कापूस पिकतो तो विदर्भ-मराठवाड्यात, आमच्या शिवारात नजर जाईल तिथवर ऊस. मग कापडाचं शहर इथं का झालं? पुण्यात शिकायला होतो तेव्हा एका मित्रानं हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. गावात राहणाऱ्याला असला प्रश्न पडतच नाही.

जहागीर घोरपड्यांची. हे मूळचे जोशी. नारो महादेवांनी आपले धनी संताजी घोरपडे यांचं आडनाव घेतलं. पुढं पहिल्या बाजीरावांची बहीण अनूबाई याच घरात सून म्हणून आली. पण आम्हाला कामाचे ठरले ते नारायणराव बाबासाहेब घोरपडे. १८९२ ते १९४३, म्हणजे अर्धशतक कारभार त्यांच्या हातात होता. गाणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना ज्या दरबारानं आश्रय दिला, त्याच दरबारानं विठ्ठलराव दातारांच्या पाठीवर हात ठेवला आणि १९०४ साली दातारांनी गावात पहिला यंत्रमाग सुरू केला. हातमागवाले कोष्टी गावात होतेच. एकाचं बघून दुसऱ्यानं माग टाकला.

पण राजाश्रयानं सुरुवात झाली म्हणून शहर होत नाही. स्वातंत्र्यानंतर दत्ताजीराव कदमांसारख्या माणसांनी सहकार आणला. डेक्कन सहकारी सूतगिरणी उभी राहिली, आशियातली पहिली सहकारी सूतगिरणी म्हणून तिचं नाव घेतात. सूत गावातच मिळायला लागलं, सहकारी बँकांनी मागाला कर्ज द्यायला सुरुवात केली. आणि सरकारी धोरणानं वेगळाच हातभार लावला. छोट्या यंत्रमाग घटकांना अबकारी करात सवलत होती. मग काय, शेड एक, पण थोडे माग बापाच्या नावावर, थोडे आईच्या, थोडे काकूच्या. ज्या बायकांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही त्याही कागदोपत्री कारखानदार! मला यात लबाडीपेक्षा शहाणपण जास्त दिसतं. मोठं झालं की कर वाढणार असेल, तर माणूस लहानच राहणार.

आमचे आण्णा खर्चीवाले. बाहेरच्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागतो. व्यापारी सूत देणार. ते सायझिंगला जाऊन खळ लावून बीमावर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळून येणार. वहिफणीवाले एकेक तार फणीत ओवणार. मग तो बीम आमच्या मागावर चढणार. कापड व्यापाऱ्याचं, माग आमचा. मजुरी पिकावर, म्हणजे इंचात बाण्याचे, आडवे, धागे किती त्यावर, आणि भांडण पिकामागच्या पैशांचं. सूत महागलं किंवा पडलं तर ओरड व्यापाऱ्याची, आमचा जीव त्यात अडकत नाही. म्हणून तर शेतमजुराचा पोरगासुद्धा चार जुने माग घेऊन मालक होऊ शकला. फक्त व्यापाऱ्यानं बीम थांबवला की माग उभा, आणि लाइटबिलाचा स्थिर आकार तसाच चालू. कामगार चार मागांवर बारा तास, कांडी संपली की धोटा बदल, तार तुटली की जोड. त्याची मजुरी मीटरवर. तेजीत सगळ्यांचं बरं, मंदीत पहिली कात्री त्याला. हे आण्णाही नाकारत नाहीत.

१९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि भिवंडी, मालेगावसारखंच आमच्याकडंही काम वळलं. मुंबईची शोकांतिका ती आमची बरकत, हे बोलायला अवघड वाटतं, पण गल्लीतल्या कितीतरी घरांवर दुसरा मजला त्या दशकात चढला. राजवाड्यात टेक्स्टाइल कॉलेज सुरू झालं तेही त्याच वर्षी. कर्नाटकातून, सोलापुरातून, पुढं उत्तर प्रदेश-बिहारमधून कामगार आले. मारवाडी पेढ्या आधीपासून होत्या.

या वाढीची किंमत पंचगंगेनं मोजली. प्रोसेसिंगचं रंगीत पाणी, गावाचं सांडपाणी, वरून येणारी घाण. २०१२ ला काविळीची साथ आली, माणसं गेली. आता शहराला कृष्णेचं पाणी मजरेवाडीतून येतं, तेही पुरत नाही. वारणेचं मागितलं तर तिकडच्या गावांनी विरोध केला, दूधगंगेचं मागितलं तर कागलकडून विरोध. पाण्याच्या रांगेत मीही उभा राहतो, तरी त्या शेतकऱ्यांचा राग मला समजतो. स्वतःची नदी आम्ही राखली नाही, तर दुसऱ्याची राखू यावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

२०२२ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाटी बदलली. साधे माग मात्र किलोच्या भावानं भंगारात चाललेत. रॅपिअर, एअरजेट असे बिनधोट्याचे वेगवान माग घेणारे पुढं गेले आणि त्यांच्या कापडापुढं धोट्याच्या मागाचं कापड भावात टिकत नाही. जे लहानपण कर वाचवायला कामी आलं, तेच आता आडवं येतंय. एका नव्या मशीनचं कर्ज चार मागांच्या मजुरीतून फिटत नाही.

धाकट्या भावानं शेजारच्या दोन खर्चीवाल्यांना गाठलंय. तिघांनी मिळून एक शेड, भागीदारीत वापरलेले रॅपिअर, असा बेत. वैनीनं विजेचा हिशेब मांडून दिलाय, तो जमतोय. आण्णांची अट एकच, घराचा उतारा बँकेत जाणार नाही. बँक म्हणते, उताऱ्याशिवाय फाइल पुढं सरकणार नाही.