बुजवलेली भेग

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे पॅटर्नचे दुकान आहे. पॅटर्न म्हणजे फौंड्रीत लोखंड ओतायचा साचा ज्याच्यावरून घेतात तो नमुना. ओतलेले लोखंड निवताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून सागवानी पॅटर्न करणाऱ्या माझ्या वडिलांची मोजपट्टीच तेवढी वाढीव असे. मी तेच काम गेली काही वर्षे थ्रीडी प्रिंटरवर करतो. फौंड्रीची ही कामे पाहूनच शहरातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी मला गाठले आणि आम्ही त्यांच्या शस्त्रक्रियांसाठी हाडांचे नमुने करून देऊ लागलो. त्यातले गेल्या गळीत हंगामातले एक काम अजून मनातून जात नाही.

उसाची ट्रॉली उलटून एका तरुण ट्रॅक्टरचालकाच्या खुब्याची वाटी, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती खोबण, फुटली होती. डॉक्टरांना दोन नमुने हवे होते. एक मोडलेल्या बाजूचा, तुकडे कसे सरकले आहेत ते हातात घेऊन पाहण्यासाठी. दुसरा चांगल्या बाजूचा, पण आरशातल्यासारखा उलटवलेला, म्हणजे त्यावर बसवून हाड जोडायची धातूची प्लेट आधीच वाकवून ठेवता येते. रुग्णाला भूल दिल्यावर प्लेट वाकवत बसले की वेळ जातो आणि रक्तही जाते. आमच्या प्रिंटरचे पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे तो नमुना वाफेने निर्जंतुक करणाऱ्या १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. निर्जंतुक होऊन आत जाते ती प्लेट.

रुग्णाचा भाऊ स्कॅन केंद्रातून सीटी स्कॅनची सीडी घेऊन आला. "साहेब, एवढंच दिलंय त्येंनी," म्हणाला. सीडीत ५ मिलिमीटर जाडीचे छेद, म्हणजे शरीराच्या आडव्या कापांची चित्रे, होते, आणि त्यांवरून केलेले हाड पायऱ्यापायऱ्यांचे दिसते. पातळ छेद यंत्रात असतात, पण जागा अडते म्हणून काही दिवसांत ते पुसले जातात. रुग्णाने ज्या तपासणीचे पैसे मोजले तिची पूर्ण माहिती त्याच्या हाती न देता फिल्म आणि रिपोर्टवर त्याची बोळवण करणे मला मुळीच पटत नाही. भाऊ पुन्हा धावला म्हणून १ मिलिमीटरचे छेद मिळाले.

सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो: पाण्याला ०, हवेला उणे १०००, आणि हाड साधारण २००च्या पुढे. तेवढी मर्यादा घातली की संगणक हाड वेगळे काढतो. पण वाटीच्या आतली भिंत पातळ असते, तिचा ठिपका शेजारच्या मांसाच्या ठिपक्यात मिसळून आकडा उतरतो आणि जिथे हाड आहे तिथे भोक दिसते. ही खोटी भोके मी नेहमी बुजवतो. त्या रात्रीही बुजवली, पृष्ठभाग गुळगुळीत केला, आकसण्याची सूट आठवणीने काढून टाकली आणि सोबत ५० मिलिमीटरचा घन छापून व्हर्नियरने तपासला. मापे चोख होती. मोडलेल्या बाजूचा नमुना छापायला १९ तास लागले.

डॉक्टर स्वतः दुकानात आले. त्यांनी नमुना खिडकीकडे धरला, आतल्या भिंतीवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "इथली भेग कुठे गेली?"

त्यांनी लॅपटॉपवर एकेक छेद सरकवून ती मला दाखवली. खोट्या भोकांच्या ओळीत एक खरी फट होती आणि मी तिलाही लांबी, म्हणजे पुट्टी, भरल्यासारखी बुजवून टाकली होती. लाकडातली चीर भरून, पॉलिशपेपर मारून पॅटर्न साच्यातून स्वच्छ सुटला पाहिजे, हे आमच्याकडे लहानपणापासून हाताला शिकवलेले असते. इथे चीर हाच रुग्णाचा आजार होता, आणि ती खरी की यंत्राची, हे सीटी वाचता न येणाऱ्या माणसाने उद्यमनगरात बसून ठरवले होते.

डॉक्टर चिडले नाहीत. माझ्या शेजारी बसून प्रत्येक भोक त्यांनी छेदांवर तपासले, आणि रात्री नमुना पुन्हा प्रिंटरवर चढला. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा फोन आला: आतल्या भिंतीचा तुकडा त्यांना वेगळा धरून बसवावा लागला, प्लेट एका टोकाला किंचित दुरुस्त करून नीट बसली. आता डॉक्टरांनी पाहिल्याखेरीज मी एकही भोक बुजवत नाही.

मात्र त्या आठवड्यात मी आधीच्या सगळ्या कामांच्या फाइली पुन्हा उघडल्या. दोन ठिकाणी आतल्या भिंतीत मी असेच भरलेले होते. एका ठिकाणचे भोक खोटे होते, हे डॉक्टरांनी छेद पाहून सांगितले. दुसऱ्या कामाचे छेद आमच्याकडे उरलेले नव्हते म्हणून मी स्कॅन केंद्राला फोन केला. ते केव्हाच पुसले गेले होते.