रेघ सरळ येईपर्यंत: पेन डिस्प्ले घेतानाचा माझा अनुभव

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागून मला अकरा वर्षं झाली. त्यातली सात वर्षं बिनस्क्रीनच्या पेन टॅबलेटवर गेली. काळी पाटी टेबलावर, नजर लॅपटॉपवर आणि हात खाली आपला आपला चालतोय, असं ते काम. रंग भरण्यापुरती त्याची सवय होऊन जाते. माझं काम मात्र मुख्यतः रेघेचं. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्यावरचं, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणावरचं एक पुस्तक हातात होतं, २४ पानं आणि पानोपानी चाकांवरचे बैल. शिंगाचा बाक एका झटक्यात उतरला तरच त्यात जीव येतो, गिरवला की गेला. त्या पाटीवर एकेक शिंग मी आठ-आठ, दहा-दहा वेळा काढत होते आणि पुसत होते. कागदावर तेच शिंग पहिल्या फटक्यात यायचं. म्हणजे हात ठीक होता, हात एकीकडे आणि डोळा दुसरीकडे हे नडत होतं. पुस्तक देऊन टाकलं आणि ठरवलं, आता थेट स्क्रीनवरच काढायचं.

तीस हजार रुपये बाजूला ठेवले होते. एका शनिवारी बर्डीवर, म्हणजे आमच्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारात गेले. चार-पाच दुकानं फिरले, सगळीकडे एकच प्रश्न, "ताई, टॅब पाहिजे का?" आणि समोर मोबाइल कंपन्यांचे टॅब. त्यांची चूक नाही, पेन त्यातही येतो. पण तो टॅब म्हणजे स्वतःचं डोकं असलेलं यंत्र, एकट्याने चालतं. पेन डिस्प्लेला स्वतःचं डोकं नसतं. तो लॅपटॉपला जोडलेला मॉनिटरच, फक्त पेन कुठे टेकलं आणि किती दाबलं हे त्याला कळतं. प्रवासात, बागेत बसून काढणाऱ्याने खुशाल आयपॅडसारखं काही घ्यावं. मी महालातल्या घरात एकाच टेबलाशी बसते, क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि माझे ब्रश वर्षानुवर्षं घासून बसवलेले आहेत. ते सोडून नवीन घरोबा करायचा नव्हता.

हात लावून बघायला डिस्प्ले बर्डीवर कुठेच मिळाला नाही. "ऑर्डर द्या, मागवून देतो," एवढंच. न बघता एवढे पैसे टाकायला मन धजेना.

आकाराचा प्रश्न घरीच सोडवला. साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा घेतला आणि तीन तुकडे कापले. ११.६ इंची स्क्रीनचा चित्र काढायचा भाग साधारण २५६ बाय १४४ मिलिमीटर असतो, १३.३ इंचीचा २९४ बाय १६५ आणि १५.६ इंचीचा ३४४ बाय १९४. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय करून राहिली बेटा? राखीचे डबे करते का?" मी सांगितलं, मशीन घ्यायचं आहे, त्याचं माप बघते. त्या म्हणाल्या, "मंग बरोबर. पाटही बसून पाह्यल्याशिवाय घेऊ नये."

आठवडाभर त्या पुठ्ठ्यांवर कागद चिकटवून त्याच चौकटीत काम केलं. यातून जे कळलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. सर्वांत छोट्या चौकटीत माझी रेघ मनगटातून येत होती, आखडलेली. १३.३ इंचीची रुंदी आडव्या ए-फोर कागदाएवढी, पण उंची साडेचार सेंटिमीटरने कमी. उभं चित्र असलं की हात चौकटीच्या काठावर अडायचा. १५.६ वर कोपर मोकळं झालं, शिंग कोपरातून आलं. फक्त त्याच्या भोवतीची कड धरली तर लॅपटॉप टेबलावर मावेना, तो मागे उंच ठेवावा लागणार होता. या दोन्हींवर १९२० बाय १०८० ठिपक्यांचंच चित्र, त्यामुळे छोट्यावर ते जास्त दाट दिसतं: एका इंचात १३.३ वर १६६ ठिपके, १५.६ वर १४१. मला दाटपणापेक्षा कोपर महत्त्वाचं वाटलं.

पेनची गोष्ट पुठ्ठ्यावर कळणार नव्हती. धरमपेठेत एक ओळखीचा मुलगा अॅनिमेशन शिकवतो. त्याच्याकडे दोन डिस्प्ले होते, एक जुना आणि एक नवा. "ताई, क्लास सुटल्यावर या, हवं तितका वेळ बसा," म्हणाला. मी दोन तास बसले.

तोवर माझ्या डोक्यात आकडे घोळत होते. वॅकॉम ही जपानी कंपनी या धंद्यात १९८३ पासून आहे, तिच्या सिंटिक १६ या डिस्प्लेला दाबाच्या ८१९२ पायऱ्या, म्हणजे पेन किती दाबलं याचे तेवढे फरक तो ओळखतो. ह्युऑन आणि एक्सपी-पेन या चिनी कंपन्यांच्या कितीतरी डिस्प्लेंनाही ८१९२, आणि नव्या पेनांना १६३८४. त्या दोन तासांत हा आकडा मनातून पुसला गेला. ८१९२ आणि १६३८४ मधला फरक माझ्या हाताला कळला नाही. कळला तो दुसराच फरक. पेन दोन बोटांत नुसतं सैल धरायचं, दाब द्यायचा नाही, पेनचं स्वतःचं वजन तेवढं टोकावर येऊ द्यायचं आणि ओढायचं. नव्यावर केसासारखी रेघ उमटली. जुन्यावर काहीच उमटलं नाही, तिथे आधी दाबावं लागत होतं आणि मग रेघ एकदम जाड सुरू व्हायची. पापणी काढायची तर सुरुवातीचा हाच दाब लागतो, कमाल पायऱ्या नव्हेत.

दुसरा फरक काचेचा. जुन्या डिस्प्लेत काच आणि खालचा पडदा यांच्यात फट होती. समोर ताठ बसलं तर ठीक, पण मी तिरकी बसते. तिरक्या नजरेने पेनचं टोक एकीकडे आणि रेघ दोन-अडीच मिलिमीटर बाजूला. कोपऱ्यांत जास्तच. लॅमिनेटेड स्क्रीनमध्ये काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यात हा फरक जवळजवळ राहत नाही. मी एक फुली काढली, मान उजवीकडे, डावीकडे करून तिच्या मध्यावर टिंब द्यायचा प्रयत्न केला. नव्यावर दहापैकी दहा लागली. एकच गोष्ट बघून घ्यायची असेल तर मी हीच सांगेन. बाकीच्यात मन मारता येतं, यात नाही. ज्या अंतरापायी पाटी सोडली, तेच पैसे देऊन परत कशाला घरी आणायचं?

रंगाचंही तिथेच उमगलं. आधी एका अंकासाठी मी पिवळी मारबत, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारा पुतळा, काढली होती आणि छापून आली तेव्हा ती नारिंगी झालेली होती. माझ्या लॅपटॉपचा पडदा रंग फिका दाखवणारा, त्यामुळे मी आपली लाल वाढवत गेले. एसआरजीबी या पडद्यांच्या ठरलेल्या रंगपट्ट्यातले जवळजवळ सगळे रंग दाखवणाऱ्या स्क्रीनवर तीच फाइल उघडली आणि चूक लख्ख दिसली.

सिंटिक १६ चं पेन हातात सुरेख बसतं, हे आधीपासून ऐकून होते, पण किंमत माझ्या पैशांच्या दुपटीच्या आसपास. शेवटी चिनी बनावटीचा १५.६ इंची, लॅमिनेटेड, बिनसेलच्या पेनचा डिस्प्ले ठरवला.

ऑर्डर देण्याच्या आदल्या रात्री लॅपटॉपची भोकं तपासली, आणि बरं झालं तपासली. एका यूएसबी-सी वायरीवर सगळं चालेल अशी माझी कल्पना होती. पण माझ्या लॅपटॉपचं यूएसबी-सी फक्त डेटापुरतं, त्यातून चित्र बाहेर पडतच नाही. ज्यातून पडतं त्याच्या शेजारी बहुधा डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण असते. माझ्याकडे नुसती यूएसबीची. म्हणून तीन शेपट्यांची वायर लागणार होती: एक एचडीएमआयला, एक यूएसबीला आणि एक वेगळ्या अडॅप्टरला वीज घ्यायला. ती खोक्यात आहे ना, एवढं विचारून घेतलं.

एप्रिलच्या शेवटी खोकं आलं. उघडताना मोबाइलवर चित्रण केलं, परत करायची वेळ आली तर उपयोगी पडतं. जुन्या पाटीचा ड्रायव्हर, म्हणजे ती लॅपटॉपशी जुळवणारं सॉफ्टवेअर, आधी काढला, लॅपटॉप बंद-चालू केला, मग नवा टाकला. दोन ड्रायव्हर एकत्र राहिले की दाब गायब होतो, हे मला धरमपेठेत बजावून सांगितलं होतं. फुल्यांवर पेन टेकवून जागा जुळवली. सगळं छान. बैल काढला, शिंग दुसऱ्या फटक्यात आलं. त्या रात्री मला झोप लागेना, इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सावकाश रेघेची परीक्षा घेतली. स्क्रीनवर प्लास्टिकची फूटपट्टी तिरकी ठेवायची, ब्रशची आपोआप सुधारणा बंद करायची आणि पट्टीला लावून पेन अगदी हळू ओढायचं. रेघ सरळ यायला हवी. माझी आली ती बारीक बारीक लाटांची, शिवणीचा दोरा ओढला जाऊन कापड चुरगळावं तशी. भरभर ओढली की सरळ, हळू ओढली की लाट. पोटात गोळा आला. माल परत करायला सात दिवस होते, त्यातला दीड गेलेला. विक्रेत्याला लिहिलं तर ठरावीक उत्तर: ड्रायव्हर परत टाका. टाकला. लाट तशीच.

धरमपेठेत फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "लॅपटॉपचा चार्जर लावलेला आहे का? काढा आणि परत रेघ मारा." काढला. लाट निम्म्याहून कमी झाली.

कारण असं की या पेनात सेल नसतो. स्क्रीनखाली तारांची जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते, पेनातलं वेटोळं त्यातूनच वीज घेतं आणि जाळीला उत्तर देतं. ते उत्तर फार क्षीण असतं. आजूबाजूला विजेची खरखर असली की यंत्राला पेनची जागा थरथरती वाटते. भरभर रेघेत ते लपतं, सावकाश रेघेत उघडं पडतं. चार्जरमधून येणारी खरखर जमिनीत जाऊन मुरायला हवी, ती माझ्या टेबलावरच राहत होती. तेव्हा आठवलं, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की कधीपासून मुंग्या येतात. आम्ही ते चालवून घेतलं होतं.

गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी होल्डरमध्ये बल्ब लावला, दोन वायरी बोर्डात घातल्या, बल्ब पेटला. मग एक वायर काढून वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब विझलेलाच. "वहिनी, भोकं तीन आहेत, पण वरच्यात काहीच येऊन नाही राहिलं."

मागच्या अंगणात तुळशीजवळ अर्थिंगचा खड्डा आहे, त्यावरची फरशी काकांनी उचलली. पाइपला तार आवळणारा नट गंजून भुगा झालेला, तार बाजूला लोंबत होती. माती कोरडी ठणठणीत, भेगा पडलेल्या. किती वर्षं ती तार अशी सुटलेली होती कोण जाणे. काका मान वर करून म्हणाले, "कूलर चालू आहे ना घरात? लोखंडाचा?" माझ्या अंगावर काटा आला. पाण्याने भरलेला लोखंडी कूलर, ४४-४५ अंशांचं ऊन, ओल्या हातांनी त्यात पाणी भरणाऱ्या सासूबाई आणि बोर्डात नुसतं नावाला भोक. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, बातम्या आपण वाचतो. ती तार आमच्याच अंगणात सुटलेली होती आणि मला ती चित्रातल्या लाटेने दाखवली.

काकांनी पाइप घासून नवा नटबोल्ट आवळला, कोळसा आणि मीठ टाकलं, वर दोन बादल्या पाणी. बल्ब वरच्या भोकातही पेटला. कूलरचा दोन पिनांचा प्लग काढून तीन पिनांचा बसवला. मेन बोर्डात शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबीही बसवायचा असं तिथेच ठरलं आणि पुढच्या आठवड्यात बसवून घेतला. डिस्प्लेच्या नादात निघालेला हा खर्च, पण यातला एक रुपयाही मला जड गेला नाही.

मग टेबलाशी बसले. चार्जर लावला, फूटपट्टी ठेवली, पेन मुंगीच्या चालीने ओढलं. काका मागे उभे होते. रेघ सरळ. "झालं?" त्यांनी विचारलं. मी परत ओढली, उलट दिशेने. सरळ. परत करायचा अर्ज रद्द केला.

आता सहा महिने झाले. मे महिन्यात तळहाताला घाम येऊन काचेला चिकटायचा, त्यावर करंगळी आणि अनामिका झाकणारा हातमोजा वापरते. स्टँड पहिल्या आठवड्यातच घ्यायला हवा होता. स्क्रीनवर काढलं की पाठ सरळ राहते अशी माझी समजूत होती, पण डिस्प्ले आडवा ठेवला की माणूस पाटीपेक्षाही जास्त वाकतो. पहिले पंधरा दिवस मानेने फार त्रास दिला. पेनचं टोक साधारण अडीच महिन्यांनी एका बाजूने घासून छिन्नीसारखं झालं, तेव्हा बदललं. तसंच वापरत राहिलं तर काचेवर चरे पडण्याची भीती. बाकी ते पुठ्ठे मी टाकले नाहीत, मैत्रिणीला आकार ठरवायचा होता तेव्हा तेच नेऊन दिले.

नवीन पुस्तक चितार ओळीतल्या, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीतल्या कारागिरांवर आहे. मातीवरून फिरणारी बोटं काढायची आहेत, सगळी सावकाश रेघ. आणि उन्हाळाभर, तुळशीला पाणी घालून झालं की सासूबाई उरलेली बादली त्या फरशीखाली ओतत होत्या.