‘रन’च्या चिठ्ठ्या: या टप्प्यावरची वर्गवारी

इंग्रजी क्रियापदांच्या अर्थछटा गोळा करण्याच्या छंदात ‘सेट’नंतर मी ‘रन’ हाती घेतले असून, त्याची आजवरची प्रगती येथे नोंदवत आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती, पुढे कोशाच्या सुधारणेचे काम चालू असताना २०११ मध्ये ‘रन’ने तिला मागे टाकले आणि केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. ते सगळे पाठ करण्याचा माझा हेतू नाही. एका अर्थाला दुसरा कसा फुटला, हे मला पाहायचे आहे.

प्रत्येक अर्थ मी एका चिठ्ठीवर लिहितो; सुरुवातीला या चिठ्ठ्या मराठी प्रतिशब्दांनुसार लावल्या होत्या. नाक वाहते, यंत्र चालते, कपड्याचा रंग जातो, अंगात ताप असतो, अशा सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ येते. आता मी त्या कर्त्यानुसार लावत आहे आणि त्यातून पुष्कळ काही उलगडते. नाक, नळ आणि कच्चा रंग द्रवाच्या गटात एकत्र आले. हा गट धावण्याच्या अर्थावरून नंतर सुचलेला अलंकार नव्हे, कारण ‘रन’चे जर्मन भावंड ‘रिनेन’ आजही वाहणे, झिरपणे याच अर्थाने वापरतात. रस्त्याचा गट मला सर्वांत आवडतो: ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ या वाक्यात काहीच हलत नाही, फक्त पाहणाऱ्याची नजर पुढे सरकते, मराठीतही रस्ता नदीकाठाने ‘जातो’च.

यापेक्षा अवघड काम ‘अप’, ‘आउट’ यांसारखी अव्यये जोडलेल्या रूपांचे आहे. ‘ही रॅन अप द हिल’ आणि ‘ही रॅन अप द बिल’ ही वाक्ये वरवर एकाच साच्यातली वाटतात. पण नामाच्या जागी सर्वनाम घातले, की टेकडीसाठी ‘रॅन अप इट’ आणि वाढत गेलेल्या बिलासाठी ‘रॅन इट अप’ असे म्हणावे लागते. पहिल्यात ‘अप’ टेकडीला बांधलेले आहे, तर दुसऱ्यात ते क्रियापदाचा भाग झाले आहे. ही सर्वनामाची कसोटी मी आता प्रत्येक चिठ्ठीला लावतो आणि माझ्या मते अर्थांच्या लांब याद्यांपेक्षा ती अधिक उपयोगी आहे.

‘रन आउट’मध्ये वेगळीच गंमत आढळली. कागद संपला, तर ‘द पेपर रॅन आउट’ म्हणता येते आणि ‘वी रॅन आउट ऑफ पेपर’ असेही म्हणता येते. म्हणजे संपणारी वस्तू आणि ती ज्याच्याकडची संपली तो माणूस, दोघेही आळीपाळीने कर्ता होतात. मराठीत ‘आमच्याकडचा कागद संपला’ असे म्हणून माणसाला बाजूला ठेवावे लागते. ‘रन आउट ऑन’ म्हणजे एखाद्याला अडचणीत सोडून निघून जाणे. ती चिठ्ठी मात्र सजीव कर्त्याच्या गटात सरळ बसली.

सध्या ‘रन थ्रू’ समोर आहे. तलवार आरपार खुपसली, तर ‘रॅन हिम थ्रू’ होते, त्यामुळे ती चिठ्ठी सर्वनामाच्या कसोटीने लगेच वेगळी झाली. उरलेल्या दोन चिठ्ठ्या, म्हणजे नाटकाची तालीम करणे आणि वडिलोपार्जित पैसा उडवणे, या दोन्ही ‘रॅन थ्रू इट’ अशाच बनतात. तालीम पुन्हा करता येते, पण उडवलेला पैसा संपलेला असतो. हा फरक वाक्यरचनेतच कुठे दिसतो का, याचा शोध चालू आहे. कोणी या दोन अर्थांना वेगळे करणारी कसोटी वापरत असेल, तर ती उदाहरणासह अवश्य कळवावी.