दोऱ्याची माया

वारीत सासवडच्या तळावर काकड्याला उठलो आणि राहुटीच्या दोरीत पाय अडकून आपटलो. बरोबरचे गुरुजी अंधारातूनच म्हणाले, "बघा, रज्जुसर्प!" दोरीला साप समजायला ती आधी दिसावी तरी लागते. पण गुरुजींना मायेचा विषय मिळाला.

त्याआधीचा दिवेघाट कसा चढलो, आठवत नाही. जेजुरीत भंडाऱ्यानं पिवळा झालो, एवढंच. आठवते ती वाल्ह्याच्या वाटेवरची दुपार. डाव्या टाचेला फोड, उजव्या चवड्याला त्याहून मोठा, मागे टँकरचे भोंगे आणि शेजारी गुरुजी. मिथ्या म्हणजे खोटं नव्हे हो! दोरी दिसेपर्यंत भीती खरी, सुटलेला घाम खरा. शंकराचार्य मायेला सत् म्हणत नाहीत, असत्‌ही म्हणत नाहीत, अनिर्वचनीय म्हणतात. आणि ज्ञानेश्वर माउली 'अमृतानुभवा'च्या सातव्या प्रकरणात अज्ञानालाच उभं राहू देत नाहीत. जग म्हणजे चैतन्याचा विलास. सगळं पटत होतं. त्यांनी फक्त गप्प बसावं, एवढीच माझी इच्छा होती. तोंडात नाम, पोटात शिव्या.

एका बाभळीखाली बसकण मारली. गुरुजी बसले ते बोलतच. पलीकडे पाय पसरून बसलेली एक आजी माझ्या टाचेकडे बघत होती.

"पाय इकडं कर, माउली."

"अहो आज्जी, तुम्ही कशाला..."

"कर म्हणते ना."

माझा धुळीनं भरलेला पाय तिनं सरळ मांडीवर ओढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चंचीतून सुई काढली, काडी ओढून तिचं टोक तापवलं, दोरा ओवला. फोडाच्या एका कडेनं सुई आत, दुसरीकडून बाहेर. पाणी तिच्या लुगड्यावर गळलं. तिनं बघितलंही नाही. गावाकडं ब्लाउज शिवते, म्हणाली. दातानं दोरा तोडला आणि दोन्ही बाजूंना बोटबोट सोडला.

"एवढा कशाला, आज्जी?"

"माया ठेवली. दोरा आत गेला तर पाणी कुठनं निघंल?"

मग गुरुजींकडे वळली. "तुमी मघापासनं मायेला नावं ठेवताय. कापडाला माया ठेवली न्हाई तर दुसऱ्या धुण्याला उसवतंय."

गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला हसू आलं, तोवर तिनं दुसऱ्या पायात सुई घातली.

वरून जेजुरीचा भंडारा दाबला. हळदच ती. मी सुई हातात घेऊन बघत बसलो होतो.

"सुई दे. फुडं लई पाय हायेत."

कुठल्या दिंडीतली, विचारायचं राहिलं. दहाच मिनिटांत कुणीतरी त्याच टाचेवर पाय दिला आणि मी त्या माणसावर असा खेकसलो, की तो बिचारा माझ्याच पाया पडला.

नीरेला पादुकांचं स्नान. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातली मायानदी आठवली. आपल्या बळावर उतरणारे तिच्यात बुडतात. सर्वभावे भजणाऱ्याला अलीकडच्याच काठावर पाणी सरतं. माझं काही सरलं नाही. गुडघाभर पाण्यात उभा होतो, टाच चुरचुरत होती. दोऱ्याची पिवळी टोकं पाण्यात हलत होती. मागून धक्का आला, "चला माउली, चला."

काठावर गुरुजी माझ्या चपला हातात धरून उभे होते. काही बोलत नव्हते.